बसते म्हणून चालते का?

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. त्याची बायको तिथलीच. मागे तिचे आजोबा देवाघरी गेले आणि त्यांचे जुने रिव्हॉल्व्हर वारशाने या दोघांकडे आले. (आपल्याकडे परवान्याशिवाय वारसालाही असे हत्यार घरात ठेवता येत नाही, तिकडची तऱ्हा वेगळी.) भाच्याचा फोन आला, "मामा, आजेसासरे दरवर्षी शेतावर याचे चार बार काढायचे. मी ते पुढे चालवावे असे सगळ्यांना वाटते. पण दुकानदार म्हणतो, या गोळ्या वापरू नका. तुम्ही लेथवर आयुष्य काढले, तुम्हीच सांगा."

बंदुकीचे मला काय कळणार? पण लोखंडाचे थोडे कळते, म्हणून माहिती काढली.

ते वेब्ली मार्क सहा निघाले. ब्रिटिश सैन्याने १९१५ साली स्वीकारलेले. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी पुष्कळ रिव्हॉल्व्हरे अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. टपालानेही मागवता येत. १९६८ च्या कायद्याने ते थांबले. अडचण काडतुसांची होती. त्याचे मूळ पॉइंट ४५५ चे काडतूस तिकडे दुर्मिळ आणि अमेरिकी पिस्तुलाचे पॉइंट ४५ एसीपी मुबलक. मग व्यापाऱ्यांनी सिलिंडरची, म्हणजे सहा गोळ्यांच्या फिरत्या कोठाराची, मागची बाजू थोडी तासून घेतली. आता पत्र्याच्या क्लिपमध्ये अडकवलेली अमेरिकी काडतुसे त्यात व्यवस्थित बसू लागली.

बसली खरी, पण त्या काडतुसाचा दाब मूळ काडतुसाच्या सुमारे दीडपट असतो. घासलेटच्या स्टोव्हमध्ये पेट्रोलही मावते, तसलाच हा प्रकार. सिलिंडर फुटल्याची उदाहरणे आहेत.

भाचा म्हणाला, "पण मामा, आजोबांनी तीस वर्षे हीच काडतुसे वापरली. काही झाले नाही." हे वाक्य मी कारखान्यात इतक्यांदा ऐकले आहे! प्रत्येक जादा ताणाने लोखंडातली न दिसणारी चीर वाढत जाते. तीस वर्षे काही झाले नाही, यावरून एकतिसाव्या वर्षाचे काहीच कळत नाही. उलट ते वर्ष जास्त धोक्याचे.

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका निबंधात जहाजमालकाची गोष्ट सांगितली आहे. जहाज जुने झालेले, मालकाला शंकाही आलेली. पण आजवर इतक्या सफरी सुखरूप झाल्या, ही देखील होईल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि प्रवाशांना पाठवून दिले. क्लिफर्डचे म्हणणे असे, की जहाज सुखरूप परतले असते तरी तो माणूस तितकाच दोषी. क्लिफर्ड देव मानणारा नव्हता. पण इथे त्याचे बोलणे आपल्या कुठल्याही धर्मगुरूला पटावे.

मग आजोबाही दोषी का? मला तसे वाटत नाही. ज्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक होण्याचा मार्गही नव्हता, त्याच्या माथी दोष येत नाही, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. भाच्याचे तसे नाही. दुकानदाराने त्याला सांगितले. रिव्हॉल्व्हर तेच, काडतूसही तेच, पण आता चाप ओढणे हे वेगळे कृत्य झाले. शिवाय बार काढताना त्याचा बारा वर्षांचा मुलगा शेजारी उभा असणार.

भाच्याने रिव्हॉल्व्हर बंदूक-कारागिराकडे नेले. सिलिंडर खरोखरच तासलेला होता, चीर नव्हती. कारागिराने कमी दारूची, शिशाच्या गोळीची काडतुसे तेवढी वापरायला सांगितली आणि तीही मोजकीच. तासलेल्या सिलिंडरमध्ये मूळ पॉइंट ४५५ सुद्धा नीट पेटेलच असे नाही, हेही बजावले. उरलेली जुनी काडतुसे, ज्या पिस्तुलासाठी ती बनतात तसे पिस्तूल असलेल्या मेहुण्याला दिली. मी भाच्याला आणखी एक सुचवले: हे सगळे एका चिठ्ठीत लिहून पेटीत रिव्हॉल्व्हरबरोबरच ठेव. उद्या मुलाकडे जाईल किंवा विकावे लागेल. घेणाऱ्याने विचारले नाही म्हणून आपण सांगितले नाही, हे उत्तर नव्हे.

सासूबाईंना मात्र राग आला. "म्हणजे माझे बाबा मूर्ख होते का?" भाचा गप्प बसला. मी त्याला म्हटले, तसा गप्प बसू नकोस. परत जा आणि सांग, की बाबांना हे कुणी कधी सांगितलेच नव्हते.