घामाचा सदका



जून २०१५ मध्ये आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे दोघे बंधू अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सायकलवर निघाले आणि ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत सुमारे ४८०० किलोमीटर अंतर कापून पूर्वेकडील ॲनापोलिस शहरी पोहोचले. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही ती स्पर्धा. एक भाऊ सायकल चालवी तेव्हा दुसरा विसावा घेई. आपल्या संघाच्या नावातच त्यांनी ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ हे शब्द घातले होते. आदिवासी बांधवांच्या नेत्रसेवेला हातभार लागावा, हा त्यामागील हेतू. ते दिवस रमजानच्या प्रारंभीचे होते.

देहाचे कष्ट दुसऱ्याच्या गरजेसाठी वेचणे ही गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. सदक्याचा आदेश अवतरला तेव्हा ज्यांच्या गाठी काही नव्हते, असे सहाबा (रजि.) पाठीवर ओझी वाहू लागले व त्या मजुरीतून दान देऊ लागले, असे हजरत अबू मसऊद (रजि.) यांच्या कथनात येते. सहीह बुखारीत ते नमूद आहे. कोणी पुष्कळ आणले, तर दांभिक त्याला दिखाऊ म्हणत. कोणी मापभर धान्य आणले, तर एवढ्याशा दानाची अल्लाहला काय गरज, असे हिणवीत. सूरह तौबाच्या ७९ व्या आयतीत या टोमणेखोरांना कठोर इशारा आहे.

आपल्या मोहल्ल्यातील मुले एखाद्या रुग्णासाठी क्रिकेटचे सामने भरवितात, तेव्हा आपल्या तोंडून हेच दोन टोमणे निघत नाहीत ना? खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे सरसकट म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आठवावे की, स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या.

मात्र मुलांनाही काही सांगितले पाहिजे. संघांकडून प्रवेश शुल्क घ्यायचे आणि त्याच रकमेतून विजेत्याला बक्षीस द्यायचे, हा प्रकार बहुसंख्य उलेमांच्या मते जुगारात मोडतो. बक्षीस स्पर्धेबाहेरच्या एखाद्या दात्याने द्यावे. मार्ग सोपा आहे. जकातीचे हक्कदार सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत ठरवून दिलेले आहेत. त्यात चेंडू, मंडप, ध्वनिक्षेपक नाहीत. म्हणून कोणी जकात म्हणून दिलेली रक्कम वेगळ्या पाकिटात, वेगळ्या नोंदीने ठेवावी. उन्हात तुम्ही राबलात हे खरे, पण म्हणून त्या पैशाचे मालक तुम्ही होत नाही. तो हाती पडताच अमानत झाला.

आणखी एक गोष्ट अधिक नाजूक आहे. सूरह बकराच्या २७१ व्या आयतीत उघडपणे दिलेले दानही चांगले ठरविले आहे. गुप्तपणे गरिबांपर्यंत पोहोचविलेले अधिक चांगले. ही मुभा देणाऱ्याने आपले दान प्रकट करण्याची आहे. घेणाऱ्याची गरिबी चव्हाट्यावर मांडण्याची मुभा त्यातून कोणी काढू नये. त्याच सूरहची २६४ वी आयत सांगते की, उपकार बोलून दाखविल्याने व मन दुखविल्याने दान वाया जाते. तेव्हा शस्त्रक्रियेसाठी निधी जमला असेल, तर तो थेट रुग्णालयात भरावा, पावती त्या घरी नेऊन द्यावी आणि जमाखर्च मशिदीत सर्वांना पाहता येईल असा ठेवावा. रुग्णाचे नाव त्यात नसले तरी चालेल. भल्यामोठ्या नकली धनादेशाच्या शेजारी त्या मुलाच्या आईला छायाचित्रासाठी उभे करू नये.