गाडी कुठली यापेक्षा दुरुस्ती कुठे?

सोलापुरात अॅडव्हेंचर मोटारसायकलचा विषय निघाला की दोन तऱ्हेची माणसं हमखास भेटतात. एक म्हणतो, सीमेवर आपले जवान मरत असताना चिनी गाडी दारात उभी करायची नाही. दुसरा म्हणतो, युरोपियन गाडीच्या निम्म्या पैशांत तेवढंच इंजिन, तेवढंच सस्पेन्शन, मोठा डिस्प्ले मिळतो, मग घेतली तर बिघडलं काय? दोघंही तावातावाने बोलतात. पण ती गाडी जुळे सोलापुरात बंद पडली, तर तिला हात कोण लावणार, हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटत नाही. माझ्या मते आधी विचारायला हवा तो हाच प्रश्न.

पहिल्या माणसाचं म्हणणं थोडक्यात बाजूला ठेवतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस या गावात जन्मले. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. ज्या गावाने असा माणूस दिला, त्या गावाला एका अख्ख्या देशातल्या कामगारांचा द्वेष शोभत नाही. गलवानच्या चकमकीत गेलेल्या जवानांचं दुःख खरं आहे, पण त्याचा हिशेब सरकारने सरकारच्या हत्यारांनी करायचा असतो, आणि ते करतंही. शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी बंधनकारक करणारा आदेश गलवानच्याही आधी, एप्रिल २०२० मध्ये निघाला. खिशात चिनी सुट्या भागांचा मोबाइल ठेवून शेजाऱ्याच्या पोराला गाडीवरून देशद्रोही म्हणणं, यात देशाचं काहीच भलं होत नाही.

‘चिनी म्हणजे भंगार’ हेही आता खरं राहिलेलं नाही. २०२३ च्या डाकार रॅलीत कोव्हे या चिनी कंपनीच्या तीन गाड्या उतरल्या आणि तिन्ही शेवटपर्यंत पोचल्या. केटीएमची ७९० अॅडव्हेंचर हांगझोच्या सीएफमोटोच्या कारखान्यात बनते. बेनेली हे नाव इटलीतल्या पेझारोचं, १९११ पासूनचं, पण २००५ पासून कंपनी चीनच्या चियानजियांगच्या मालकीची आहे. तिचीच टीआरके ५०२ खुद्द इटलीत खपाच्या यादीत वर होती. मोटो मोरिनीचंही तेच. नाव इटालियन, मालक २०१८ पासून चिनी. हे ग्राहकाला उघडपणे सांगायला हवं. पण गाडीचं पोलाद कच्चं आहे, असा आरोप आज सरसकट करता येणार नाही.

आता दुसऱ्या माणसाकडे वळतो, कारण फसायचा धोका त्यालाच जास्त आहे. या गाड्या स्वस्त म्हणतात त्या युरोपात. तिथे त्यांची तुलना बीएमडब्ल्यूशी, होंडाशी होते. आपल्याकडे तीच गाडी आयात शुल्क, कर, विमा आणि नोंदणीचं ओझं घेऊन येते, आणि समोर तुलनेला उभ्या असतात चाकणच्या, हरिद्वारच्या, चेन्नईच्या गाड्या. २०१९ साल आठवा. बेनेलीची टीआरके ५०२ आली सुमारे ५ लाखांना. सीएफमोटोची ६५० एमटी आली ४ लाख ९९ हजारांना. त्याच वर्षी हीरोची एक्सपल्स २०० एक लाखाच्या आत मिळत होती आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन दोन लाखांच्या आत. चाकणमधून केटीएमची ३९० अॅडव्हेंचर जानेवारी २०२० मध्ये बाहेर पडली, तीन लाखांच्या आसपास. म्हणजे लंडनमध्ये जी गरिबाची अॅडव्हेंचर बाइक ठरते, ती सोलापुरात श्रीमंताचीच गाडी असते. परदेशी व्हिडिओ पाहून ‘परवडणारी’ हा शब्द आपण जसाच्या तसा उचलतो आणि तिथेच पहिली चूक होते. सप्टेंबर २०२५ पासून तर ३५० सीसीच्या वरच्या गाडीवर ४० टक्के जीएसटी लागतो आणि खालच्या गाडीवर १८ टक्के. मोठ्या इंजिनाची हौस आता आणखी महाग झाली आहे.

आणि या सगळ्याचा आपल्या महाराष्ट्रातला इतिहास काय सांगतो? ह्योसंग ही कोरियन कंपनी, चिनी नव्हे, पण धडा तोच आहे. तिच्या गाड्या आधी कायनेटिकने विकल्या, मग गरवारेने वाईत जुळवल्या, मग २०१२ मध्ये त्या पुण्याच्या डीएसके समूहाकडे गेल्या, आणि २०१८ मध्ये फिरून कायनेटिकच्याच मोटोरॉयलकडे आल्या. दर बदलात जुन्या गाडीच्या मालकाने फोन कुठे करायचा? डीएसकेने वाईच्याच छपराखाली २०१५ पासून बेनेलीही आणली. बेनेलीची टीएनटी ३०० पाहायला तेव्हा पुण्यात पोरांची झुंबड उडत होती. २०१७ मध्ये डीएसके समूहाच्या ठेवीदारांचे पैसे अडकले, फेब्रुवारी २०१८ मध्ये समूहाचे प्रमुख डी. एस. कुलकर्णींना अटक झाली, आणि मोटारसायकलचा धंदाही त्या गाळात रुतला. गाडीत खोट नव्हती. खोट होती भागीदाराच्या तिजोरीत, आणि शिक्षा झाली ती गाडी घेणाऱ्याला. पुढे बेनेली हैदराबादच्या नव्या भागीदाराबरोबर पुन्हा उभी राहिली. सीएफमोटोने मात्र काही वर्षांतच इथला बाजार सोडला. मोटोरॉयलने नगरहून एसडब्ल्यूएमची सुपरड्युअल विकली होती, इटालियन नावाची आणि चिनी मालकीची. तीही व्यवस्था फार वर्षं टिकली नाही.

ही यादी मी कुणाला दूषण देण्यासाठी देत नाही. आपण गाडी घेतो, म्हणजे पुढची दहा वर्षं एका अनोळखी कंपनीच्या इथल्या प्रतिनिधीच्या तब्येतीवर विसंबून राहतो, हे या यादीवरून कळावं, एवढ्यासाठी देतो.

माझ्या ओळखीतल्या एका तरुणाची अशीच एक गाडी होटगी रोडच्या एका गॅरेजात उभी पाहिली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तो एका कंपनीचा प्रश्न नाही. चावी फिरवली की दिवे लागत, पण टाकीतून पंपाचा जो बारीक घुंईं आवाज यायला हवा, तो येत नव्हता. मेकॅनिक चांगला जाणता होता. त्याने टाकी उतरवली, पंपाचा अख्खा संच बाहेर काढला, वायरींना बॅटरी लावून पाहिली. पंप मेला होता. “काम येतंय की मालक मला,” तो म्हणाला, “पण सामान कुठाय?” दुसऱ्या गाडीचा पंप बसवता आला असता, पण पेट्रोलचा दाब जुळला नाही तर इंजिन कधी उपाशी राहील, कधी बुडेल, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या स्कॅनरचं कनेक्टर त्या गाडीला बसतच नव्हतं. पुण्याला फोन झाले, हैदराबादला झाले. उत्तर एकच, ऑर्डर टाकलीय. तोवर गाडीवर ताडपत्री होती आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला वेळेवर कापला जात होता. त्या मेकॅनिकच्या हातात कसब होतं आणि त्याला काम करू दिलं जात नव्हतं. गाडीवाल्याइतकाच अन्याय त्याच्यावरही होत होता, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

हप्त्याचंही स्पष्ट बोलू या. चार लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं, तर महिन्याला सुमारे ८,७०० रुपये जातात. शेवटी ५ लाख २२ हजारांच्या आसपास भरलेले असतात. सव्वा लाखाच्या जवळपास फक्त व्याज. ज्या शहरात हजारो बायका विड्या वळून घर चालवतात, यंत्रमागावर माणसं रात्रपाळी करतात, त्या शहरातल्या घरांत हा आकडा जेवणाच्या पानावर सगळ्यांसमोर मांडला गेला पाहिजे. मुलाची हौस मारावी असं मी म्हणत नाही. हौस हवीच. पण बापाच्या सहीवर घेतलेलं कर्ज आणि इन्स्टाग्रामवर मिरवलेली गाडी, यांत आईला विचारलं गेलं का? पुष्कळ घरांत विचारलं जात नाही.

शिवाय ही हौस कुठे भागवायची आहे? पुण्याला किंवा हैदराबादला जायला चौपदरी रस्ता आहे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर कुठल्याही साध्या गाडीने होतं. खरं अॅडव्हेंचर आहे ते नान्नजच्या माळरानाकडे, पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाडीवाटेवर. तिथे चिखल चाकात आणि मडगार्डमध्ये असा बसतो की पुढचं चाक फिरायचं थांबतं. टीआरके ५०२ चं वजन २३५ किलो. ती आडवी झाली तर एकट्याने उचलायची कशी? एक्सपल्स तिच्यापेक्षा सत्तर-ऐंशी किलोंनी हलकी आहे आणि तिची क्लच केबल तालुक्याच्या गावातही मिळते. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा रेडिएटरचा पंखा किंवा थर्मोस्टॅट गेला, तर बार्शी रोडवर उभं राहून हैदराबादच्या कुरिअरची वाट पाहायची का?

म्हणून माझं मत सरळ आहे. आज सोलापुरात राहून, कर्ज काढून, एकुलती एक गाडी म्हणून चिनी अॅडव्हेंचर मोटारसायकल घेऊ नये. ज्याच्याकडे दुसरं वाहन आहे, पैसा स्वतःचा आहे आणि वाट पाहायची तयारी आहे, त्याने खुशाल घ्यावी. त्याला नावं ठेवण्याचा अधिकार कुणाला नाही. उद्या एखाद्या चिनी कंपनीने सोलापुरात सुट्या भागांचं कोठार उभं केलं, आपल्या मेकॅनिकांना शिकवलं, तर माझं मत मी आनंदाने बदलेन.

पण नुसतं न घेणं पुरेसं नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, ती ग्राहकाने एकट्याने कुढत बसू नये म्हणून. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याप्रमाणे पुण्या-हैदराबादच्या विक्रेत्यावरही आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापूरच्या ग्राहक आयोगात, तक्रार करता येते. उत्पादकाचा ठावठिकाणा लागत नसेल किंवा त्याला नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेत्यालाही जबाबदार धरता येतं. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून पहिल्या खेपेपासून प्रत्येक जॉबकार्ड, प्रत्येक व्हॉट्सअॅप निरोप जपून ठेवावा. हेल्पलाइन १९१५ आहे. गाडी बुक करण्याआधी विक्रेत्याकडून त्याच्या लेटरहेडवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. पंप, क्लच प्लेट, ब्रेक डिस्क आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) यांचा साठा कुठे आहे, भाग किती दिवसांत मिळेल, आणि तोवर वॉरंटीची मुदत वाढवून मिळेल का.

एक मागणी मात्र कायद्याकडेच करावी लागेल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. त्यात वाहनांचा समावेश आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. देशात गाडी विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने, मग ती चाकणची असो की हांगझोची, मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं सुटे भाग पुरवावेत, दुरुस्तीची पुस्तिका आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर कुठल्याही मेकॅनिकला रास्त दरात द्यावं, आणि भारतातून जाताना त्या जबाबदारीपोटी ठेव मागे ठेवावी, असं बंधन हवं. दर रविवारी पहाटे तुळजापूर रस्त्याला निघणाऱ्या आपल्या रायडर मंडळींनी या मागणीचं निवेदन लिहावं, होटगी रोडपासून अशोक चौकापर्यंतच्या मेकॅनिकांच्या सह्या त्यावर घ्याव्यात आणि ते खासदारांच्या हातात द्यावं.