अखत्यार आणि जबाब

मध्य प्रदेशातील खकनार तहसिलीतील शेतकरी आपले केळीचे रान एकरांत सांगतो, आणि महसुली दप्तरातील खसऱ्यात तेच रान हेक्टरांत नोंदलेले असते. त्यामुळे तोंडचा व्यवहार आणि सरकारी कागद यांच्यामध्ये एका एकराचे सुमारे 0.4047 हेक्टर हा गुणाकार कायमचा उभा असतो. तेथील एखादा विद्यार्थी हा हिशेब पायथन भाषेत मांडू लागला, म्हणजे आरंभी तो हा गुणाकार गरज पडेल तिथे नव्याने लिहितो, आणि दहापैकी एका ठिकाणी 0.4407 पडले की ती ओळ हुडकण्यात त्याची संध्याकाळ जाते. त्याऐवजी ‘डेफ हेक्टर(एकर):’ अशी एक ओळ लिहून, तिच्याखाली किंचित आत सरकवून ‘रिटर्न एकर * 0.4047’ एवढे नमूद केले, तर त्या क्रियेला नाव, अखत्यार आणि मर्यादा या तिन्ही गोष्टी एकदम प्राप्त होतात; अशा क्रियेला फंक्शन म्हणतात. (2008 साली आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘हेक्टर’ हे नाव देवनागरीतही चालते, ‘डेफ’ आणि ‘रिटर्न’ मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात.)

हुकूम निघणे निराळे आणि तो बजावला जाणे निराळे, हा कचेरीतला भेद येथे तंतोतंत लागू पडतो. भाषा वरून खाली वाचत येते, फंक्शनची व्याख्या भेटताच केवळ तिची नोंद घेते, आणि आतील एकाही ओळीची अंमलबजावणी न करता पुढे जाते. म्हणून आत एखादे नाव चुकीचे लिहिले गेले असले तरी तो दोष, जोवर कोणी ‘हेक्टर(5)’ अशी हाक देत नाही, तोवर निवांत झोपलेला असतो.

अशी हाक दिल्यावर काम संपवून नेमके कुठे परतायचे, हा प्रश्न आज आपल्याला पडतही नाही. परंतु केंब्रिजमध्ये 1949 साली चालू झालेल्या एडसॅक या यंत्रात परतीची सोय करणारी स्वतंत्र आज्ञाच नव्हती. डेव्हिड व्हीलर यांनी त्यावर तोड काढली ती अशी, की हाक देणाऱ्याने आपला पत्ता सोबत द्यावा आणि उपक्रमाने, म्हणजे आजच्या भाषेत फंक्शनने, त्यावरून परतीची आज्ञा स्वतःच घडवून आपल्या अखेरीस बसवावी. या युक्तीमुळे कागदी फितीवर छिद्रे पाडून ठेवलेला एकच उपक्रम अनेक कामांत वापरता येऊ लागला आणि अशा उपक्रमांचा संग्रह उभा राहिला. माझ्या मते संगणकाच्या वेगापेक्षा ही परतीची तजवीज अधिक मोलाची होती.

नवशिक्यांचा खरा घोटाळा याच परतीपाशी होतो. ‘रिटर्न’च्या जागी ते ‘प्रिंट’ लिहितात, पडद्यावर 2.0235 उमटते आणि काम फत्ते झाले असे वाटते. पुढे पाच एकरांचे आणि तीन एकरांचे रान मिळून किती, म्हणून ‘हेक्टर(5) + हेक्टर(3)’ असे लिहिले, की दोन्ही आकडे पडद्यावर दिमाखात झळकतात आणि लगेच बेरीज करता येत नाही अशी तक्रार येते. कारण फंक्शनने आकडा माणसाला दाखवला, परंतु हाक देणाऱ्याला काहीच दिले नाही, आणि पायथनमध्ये या काहीच नसण्याला ‘नन’ असे नाव आहे. जे फंक्शन दिलेल्या मूल्यांवरून उत्तर काढून परत देते आणि बाहेरच्या कशालाही हात लावत नाही, ते पारखून घेणे सोपे जाते, आणि त्याच्या जबाबावर दुसऱ्या फंक्शनची उभारणी करता येते. आत जन्मलेली नावे काम संपताच लोप पावतात, हीही सोयच आहे. शेल स्क्रिप्टमध्ये मात्र ‘लोकल’ असे स्पष्ट लिहिले नाही तर आतले नाव बाहेरच्या त्याच नावावर बेमुर्वतपणे स्वार होते.

म्हणून शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती, की पहिल्या पाठात ‘प्रिंट’ थोडे बाजूला ठेवावे, आणि विद्यार्थ्याकडून एका फंक्शनचे उत्तर दुसऱ्या फंक्शनला देववून मगच पडद्यावर काय दिसते ते पाहू द्यावे.