आचार्यकुल आणि निर्भयतेचा प्रश्न

शिक्षकांच्या एकत्र बसून केलेल्या विचाराला अधिकार कुठून येतो, हा प्रश्न विनोबा भावे यांच्या आचार्यकुलाच्या मुळाशी आहे. आचार्यांचे, म्हणजे शिक्षकांचे, हे मंडळ 1968 मध्ये बिहारमधील कहलगाव येथे स्थापन झाले. आचार्याने निर्भय, निर्वैर आणि निष्पक्ष असावे, ही त्यामागची भूमिका. शासन दंडाच्या बळावर चालते. आचार्य केवळ मार्ग दाखवतात, त्या वाटेने जायचे की नाही हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. साहजिकच आचार्यांचा निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसंमतीने व्हावा असा आग्रह होता.

या विचाराची कसोटी आणीबाणीत लागली. जानेवारी 1976 मध्ये विनोबांच्या पवनार आश्रमात आचार्य संमेलन भरले आणि देशातील परिस्थिती पूर्ववत व्हावी असा कौल त्याने दिला. सरकारने तो मानला नाही. आणीबाणी 1977 पर्यंत चालली. तरीही ते संमेलन निष्फळ म्हणता येत नाही, कारण ज्याच्यामागे दंड नाही असा शब्द उच्चारला जाणे हेच त्याचे कार्य होते.

शिक्षक एकमेकांकडून शिकण्यासाठी एकत्र बसतात तेव्हाही निर्भयतेचा हाच प्रश्न उभा राहतो. जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी 1991 मध्ये सुईणी, शिंपी अशा व्यावसायिकांच्या अभ्यासातून दाखवले, की नवखा माणूस जाणत्यांच्या कामात हळूहळू सामील होत शिकतो. पण सामील होण्यासाठी चुकण्याची मुभा लागते, आणि नेमकी तीच असमान वाटलेली असते. एखाद्या महाविद्यालयात कायम प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापक उत्तरपत्रिकांचा एकच गठ्ठा पुढे घेऊन बसले, तर ‘हा घटक मला शिकवता आला नाही’ हे वाक्य पहिल्याला परवडते. दुसऱ्याचे मानधन घेतलेल्या तासांवर आणि पुढच्या वर्षीची नेमणूक वरिष्ठांच्या मतावर अवलंबून असते. त्याच्याकडून निर्भयतेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

सर्वसंमतीचा धोकाही इथेच आहे: ज्याला बोलणे परवडत नाही त्याचे मौन संमती म्हणून मोजले जाते. त्यामुळे निर्भयता ही व्यक्तीचा गुण न राहता एकत्र बसणाऱ्या शिक्षकांच्या मंडळाची जबाबदारी ठरते. बैठकीतले बोलणे पदोन्नतीच्या किंवा नेमणुकीच्या कागदांत जाऊ न देणे आणि आपल्या फसलेल्या तासाची चर्चा ज्येष्ठांकडून आधी सुरू करवणे, हे बैठक बोलावणाऱ्याचे पहिले काम होय.