पिवळ्या पानामागचे कारण: वनस्पती-विषाणूंची ओळख आणि अनुमानाचा प्रश्न

सोयाबीनवर पिवळा मोझॅक आणणारा विषाणू शेतकऱ्याने कधी पाहिलेला नसतो, आणि बहुतेक कृषी अधिकाऱ्यांनीही नसतो. त्याचे कण जोडीजोडीने चिकटलेले असतात. एका जोडीची लांबी सुमारे 30 नॅनोमीटर, रुंदी 18 ते 20. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत. तरीही चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यात भादव्याच्या सुमारास पाने पिवळी पडू लागली की 'मोझॅक आला' हा निर्णय बांधावर उभ्याउभ्याच होतो. डोळ्याला न दिसणाऱ्या कारणाचे नाव घेण्याचा अधिकार कशाने मिळतो, हा प्रश्न रोगशास्त्राइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. भारतीय दर्शनांत न्यायदर्शनाने त्याचा सर्वांत बारकाईने विचार केला आहे.

नैयायिकांच्या मते ज्ञानाची साधने, म्हणजे प्रमाणे, चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. विषाणूच्या बाबतीत प्रत्यक्ष जवळजवळ बाद होते आणि सगळा भार अनुमानावर येतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमानाचे ठरलेले उदाहरण. यात धूर हा हेतू, अग्नी हे साध्य; आणि 'जिथे धूर तिथे अग्नी' हा अपवादरहित संबंध म्हणजे व्याप्ती. व्याप्ती पक्की नसेल तर हेतू दिसूनही निष्कर्ष फसतो. जो हेतू साध्याबरोबर असतो आणि साध्य नसतानाही असतो, त्याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. पिवळे पान हा नेमका असा हेतू आहे. पान विषाणूने पिवळे पडते, लोह कमी पडल्याने पडते, नत्र कमी पडल्याने पडते, मुळाशी पाणी साचल्याने पडते, मूळ कुजल्यानेही पडते.

म्हणून जाणकार माणूस 'पिवळे' एवढ्यावर थांबत नाही, हेतू अधिक काटेकोर करतो. चुनखडीच्या किंवा पाणथळ जमिनीत लोहाची कमतरता झाली तर आधी नवी पाने पिवळी पडतात; शिरा हिरव्या राहतात आणि पिवळेपणा शिरांच्या मधल्या भागात एकसारखा पसरतो. शेतातला एखादा सखल पट्टाच्या पट्टा असा दिसतो. नत्र कमी असेल तर सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून होते. मोझॅकची तऱ्हा वेगळी. गर्द पिवळे, वेडेवाकडे ठिपके हिरव्या भागात मिसळलेले असतात, शिरांची हद्द ते पाळत नाहीत, आणि सुरुवातीला रोगट झाडे शेतभर विखुरलेली असतात. शेजारचे झाड धडधाकट, त्याच्या पलीकडचे पिवळे. शंका राहिलीच तर थोड्या झाडांवर फेरस सल्फेट फवारून पाहता येते. नवी पाने हिरवी झाली तर कारण लोहाचे. एकेक पर्याय दूर सारत उरलेल्यापाशी पोहोचण्याच्या या रीतीला न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने 'शेषवत्' अनुमानाच्या विवरणात जागा दिली आहे.

2023 च्या खरिपात चंद्रपूर जिल्ह्यात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर पिवळे पडून वाळले, तेव्हा ही कसोटी किती गरजेची आहे ते दिसले. पिवळ्या मोझॅकसोबत मूळकूज आणि खोडकूज या बुरशीजन्य रोगांचीही नोंद झाली. लोकांच्या तोंडी मात्र सगळ्याला एकच नाव बसले. पंचनामा झालेले नुकसान मोजतो, कारण सिद्ध करत नाही. नुकसानभरपाईपुरते ते चालून जाते. पण पुढच्या हंगामासाठी चालत नाही, कारण बुरशीवरचा इलाज विषाणूवर लागू पडत नाही आणि विषाणूवरचा बुरशीवर.

दुसरी गफलत पांढऱ्या माशीबाबत होते. हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते ती पांढरी माशी. त्यामुळे पानाखाली माशी दिसली आणि पाने पिवळी असली की दोघांची सांगड लगेच घातली जाते. पण विषाणू न वाहणारी माशीही पानातला रस शोषते आणि पान निस्तेज करते. माशी आधी रोगट झाडावर बसलेली असली पाहिजे, ही अट मध्ये आहे. अशा लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही, कारण त्यासाठी लाकूड ओले असावे लागते. त्यातलाच हा प्रकार. उपाधी शोधून काढणे हे अनुमानातले सर्वांत कष्टाचे काम. वनस्पती-विषाणूशास्त्राचा इतिहास बराचसा याच कामाचा आहे.

1886 मध्ये आडोल्फ मायरने नेदरलँड्समध्ये रोगट तंबाखूचा रस निरोगी झाडांना टोचून रोग संसर्गजन्य असल्याचे दाखवले, आणि कारण जिवाणू असावा असा कयास केला. 1892 मध्ये इव्हानोव्स्कीला आढळले की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही तो रस रोग पोचवतो. 1898 मध्ये बायरिंकने मायर आणि जिवाणू दोघांनाही बाजूला सारून हे कारण वेगळ्याच जातीचे असल्याचे मांडले. तंबाखूच्या या विषाणूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून चित्र मिळाले ते 1939 मध्ये. म्हणजे चाळीस वर्षे विषाणू निव्वळ अनुमानाने ज्ञात होता. विज्ञान फक्त डोळ्यांनी दिसलेलेच मानते, असा एक समज सुशिक्षितांतही आहे. त्याला एवढा पुरावा पुरे. अनुमान नाकारणाऱ्या चार्वाकाला या चाळीस वर्षांत काहीच कळले नसते.

महाराष्ट्रातही ही वाट जुनी आहे. भेंडीवरच्या केवड्याची नोंद तत्कालीन मुंबई इलाख्यात कुलकर्णी यांनी 1924 मध्ये केली, आणि उप्पल, वर्मा व कपूर यांनी 1940 मध्ये त्याचे विषाणूजन्य स्वरूप मांडले. पांढऱ्या माशीचा हात सिद्ध करण्याच्या प्रयोगाची मांडणी साधी असते. माशा रोगट झाडावर चरू द्यायच्या, मग जाळीच्या पिंजऱ्यातल्या निरोगी रोपांवर सोडायच्या. दुसऱ्या पिंजऱ्यात निरोगी झाडावर चरलेल्या माशा सोडायच्या. तिसऱ्यात माशाच नाहीत. पहिल्या पिंजऱ्यातच रोग आला तर संबंध ठरला. कारण असता कार्य असणे हा अन्वय, कारण नसता कार्य नसणे हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्याशिवाय व्याप्ती मानायची नाही, हा तर्कशास्त्राचा जुना दंडक. दुसरा आणि तिसरा पिंजरा हे व्यतिरेकाचे पिंजरे आहेत, आणि घाईच्या निदानात नेमके तेच गळतात.

कारण एकच असते, हे गृहीतही विषाणू मोडून काढतात. भातावरचा टुंग्रो हा रोग दोन वेगवेगळे विषाणू मिळून घडवतात. एक दंडाकृती, त्याच्यामुळे पाने नारिंगी-पिवळी होतात आणि झाड खुजे राहते. पण हिरवे तुडतुडे त्याला एकट्याला वाहून नेऊ शकत नाहीत. दुसरा गोलाकार, तो जवळजवळ लक्षणे दाखवत नाही. पण त्याच्या मदतीनेच पहिल्याचा प्रवास होतो. मग टुंग्रोचे कारण कोण? नैयायिक इथे कारणसामग्री हा शब्द वापरतील: तुडतुडा, दोन्ही विषाणू, बळी पडणारे वाण आणि अनुकूल हवामान एकत्र आले तरच कार्य घडते. चिमूरच्या पूर्वेला असलेल्या सिंदेवाहीत अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र भातावर काम करते. भातपट्ट्यातल्या अभ्यासकाला 'एक रोग, एक कारण' ही सवय सोडावीच लागते.

आधुनिक चाचण्यांनी अनुमानाची गरज संपवली, असे वाटू शकते. तसे झालेले नाही. 1977 पासून वनस्पती-विषाणूंसाठी वापरात आलेली एलायझा चाचणी विषाणूचे प्रथिन ओळखते. पीसीआर त्याच्या जनुकद्रव्याचा ठरावीक तुकडा शोधते. या दोन्ही चाचण्या विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतात. ज्या विषाणूसाठी साहित्य घेतले तो नसेल तर उत्तर 'नाही' येते, आणि झाड दुसऱ्याच विषाणूने आजारी असू शकते. आता संपूर्ण जनुकक्रम वाचता येतो, तर उलटीच अडचण: धडधाकट झाडांतही विषाणू सापडतात. सापडणे म्हणजे कारण असणे नव्हे. त्यासाठी विषाणूची शुद्ध जनुकीय प्रत निरोगी रोपात घालून तोच रोग उभा राहतो का, हे पाहावे लागते. म्हणजे पुन्हा अन्वय-व्यतिरेक.

विषाणूला ओळखले, तरी त्याची 'जाती' कोणती हा वाद उरतो. पिवळा मोझॅक आणणाऱ्या विषाणूंच्या भारतात मुख्य दोन जाती मानतात, आणि त्या एकमेकींत जनुकद्रव्याची देवाणघेवाणही करतात. या गटात मुख्य जनुकखंडाचे साम्य 91 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर जाती वेगळी धरावी, असे तज्ज्ञांच्या गटाने 2015 मध्ये ठरवले. त्याआधी हा आकडा 89 होता. न्याय-वैशेषिकांच्या मते जाती वस्तूंमध्ये खरोखर असते. बौद्ध दिङ्नागाच्या मते ती इतरांना वगळण्याची बुद्धीची सोय. विषाणूंच्या बाबतीत दिङ्नागाचे पारडे जड आहे. निसर्गात खरोखर असलेली हद्द समितीच्या बैठकीत दोन टक्क्यांनी सरकत नाही.

'रोग' या कल्पनेतही माणसाची आवड मिसळलेली आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ज्या रेघारेघांच्या ट्यूलिपसाठी संपत्ती उधळली गेली, त्या रेघा विषाणूच्या होत्या. पेटारीच्या कुळातल्या काही शोभेच्या झाडांची पिवळी-हिरवी नक्षी विषाणूचीच. रोपवाटिका ती मुद्दाम जपतात. इ.स. 752 मधल्या एका जपानी सम्राज्ञीच्या कवितेत उन्हाळ्यातच पिवळ्या पडलेल्या झाडाचे वर्णन आहे. 2003 मध्ये त्या झाडातला विषाणू सोयाबीनच्या मोझॅकच्याच कुळातला निघाला. सम्राज्ञीला ज्याने कविता सुचली, त्याने शेतकऱ्याचा हंगाम जातो. विषाणू दोन्हीकडे तेच करतो.

पीक गेल्यावर दैवाकडे बोट दाखवणे सोपे असते, आणि न्यायदर्शन 'अदृष्ट' म्हणजे पूर्वकर्माचे फळ मानतेही. पण दिसू शकणारे कारण उपलब्ध असताना अदृष्टाची कल्पना करणे गैर, हा नियम भारतीय परंपरेनेच घालून दिला आहे. अदृष्टाने मोझॅकही समजावता येतो आणि त्याच बांधावरचे निरोगी झाडही. म्हणून निदानात ते निरुपयोगी. चिमूरच्या बालाजीला नवस बोलणाऱ्याने नवस खुशाल बोलावा. त्याने व्याप्तीला बाध येत नाही, फक्त तो हेतू म्हणून पुढे करू नये. याच तालुक्यात गोंदेडा येथे तुकडोजी महाराजांची तपोभूमी आहे, आणि भक्ती व अंधश्रद्धा यांत फरक करणे हे त्यांच्या शिकवणीतले ठळक सूत्र होते.

ज्ञान खरे की खोटे हे त्यावर केलेली कृती यशस्वी होते का यावरून ठरते, असे नैयायिक मानतात. मोझॅकच्या बाबतीत ही कसोटी शेतातच लागते. विषाणू शिरलेले झाड बरे करणारे औषध नाही. विखुरलेली पहिली पिवळी झाडे दिसताच उपटून नष्ट करणे, पिवळे चिकट सापळे लावून माशीवर नजर ठेवणे आणि पुढच्या पेरणीला सहनशील वाण निवडणे, एवढेच हाती असते. आणि निदान चुकले असेल तर यातले काहीच उपयोगी पडत नाही. म्हणून फवारणीचा पंप भरण्याआधी शेतकऱ्याने रोगट झाड मुळासकट उपटून कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे, आणि सोबत त्याच शेतातले एक निरोगी झाडही न्यावे.