कुठे आहे ते सांगतो, कोण आहे ते नाही

न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीवर, मॅनहॅटनच्या इमारतींच्या बाजूने, १३०० फुटांखाली लहान विमानांसाठी एक अरुंद वाट आहे. वरचं आकाश जेएफके, लागार्डिया आणि न्यूअर्क या मोठ्या विमानतळांचं. तिथे शिरायला कंट्रोलरची परवानगी लागते, खालच्या वाटेत लागत नाही. हौशी पायलट, शिकाऊ मुलं, पर्यटकांना फिरवणारी हेलिकॉप्टर्स, सगळे तिथून जातात, एकमेकांना डोळ्यांनी बघत. तत्त्वाचं नावच 'पाहा आणि टाळा'.

८ ऑगस्ट २००९ रोजी तिथे एक पायपर विमान आणि एक पर्यटक हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळलं. नऊ माणसं गेली. विमान जिथून उडालं तिथला कंट्रोलर तेव्हा फोनवर खासगी बोलत होता, आणि चर्चा त्याचीच जास्त झाली. चौकशी अहवालाने त्याला सोडलं नाहीच, पण 'पाहा आणि टाळा'च्या अंगभूत मर्यादेलाही कारण ठरवलं.

ही मर्यादा समजली की जरा भीती वाटते. तुमच्यावर आदळणार असलेलं विमान, दोघं सरळ उडत असतील तर, समोरच्या काचेत सरकतच नाही. एका जागी ठिपका होऊन चिकटून राहतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं. आपला डोळा हलणाऱ्या गोष्टी टिपतो. म्हणजे निरुपद्रवी विमान पटकन दिसतं, घातक विमान दिसत नाही. त्यात अमेरिकन विमान नियामक एफएएच्या हिशेबाने दिसण्यापासून विमान वळेपर्यंत साडेबारा सेकंद लागतात. अशा वेळी पायलटला 'नीट लक्ष ठेव' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. माणसाच्या डोळ्याला जे जमत नाही, ते त्याचं कर्तव्य कसं असेल?

अपघातानंतर त्याच वर्षी त्या वाटेत रेडिओवर स्वतःची जागा पुकारणं सक्तीचं झालं. आणि १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेतल्या बहुतेक गर्दीच्या आकाशात एडीएस-बी हे यंत्र सक्तीचं आहे. ते साधारण दर सेकंदाला विमानाची जागा, उंची आणि वेग सगळ्यांना ऐकवतं. कर्तव्य बदललं: आधी 'मी बघेन' होतं, आता 'मी दिसेन' हेही आलं. लहान विमानांच्या मालकांनी कुरकुर केली. खर्चाची कुरकुर रास्त होती. पण 'आमचं स्वातंत्र्य गेलं' हे मला पटत नाही. घाटात आंधळ्या वळणावर आपण हॉर्न वाजवतो तेव्हा कुठलं स्वातंत्र्य जातं?

फक्त, हॉर्नमध्ये गाडीचा नंबर नसतो. एडीएस-बीमध्ये असतो.

प्रत्येक संदेशात विमानाचा कायमचा २४ बिटांचा पत्ता जातो. त्यावरून नोंदणी आणि नोंदणीवरून मालक सापडतो. संदेश एन्क्रिप्टेड नाही. गच्चीवर एक स्वस्त यूएसबी रिसीव्हर लावला की कुणीही तो पकडतो, साठवतो. आता काही छोटे विमानतळ याच माहितीवरून लँडिंगचं बिल पाठवतात. पायलटांची संघटना एओपीए त्याविरुद्ध भांडते आहे, आणि मी तिच्या बाजूचा आहे. टक्कर टळावी म्हणून ज्याला बोलायला लावलं, त्याच्याच बोलण्यावरून त्याच्या खिशात हात घालणं बरं नाही. उतरण्या-उडण्याचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रत्येक वेळी बिलाचा विचार करावा लागला, तर तो सराव कमी करेल. आणि एखादा ते यंत्रच बंद ठेवेल.

आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. डिलिव्हरीसाठी घेतलेलं लोकेशन वर्षभराने मार्केटिंगच्या डॅशबोर्डवर असतं. कुणी कट करत नाही. कॉलम तिथे असतो आणि कुणीतरी क्वेरी लिहितं, एवढंच.

दिसण्याचं ओझंही सगळ्यांवर सारखं नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनला पोटोमॅक नदीवर प्रवासी विमान आणि लष्करी ब्लॅक हॉकची टक्कर झाली, ६७ जण गेले. ब्लॅक हॉकचं एडीएस-बी प्रसारण होत नव्हतं. लष्कराला तशी सूट होती. तेवढ्यानेच अपघात झाला असं मी म्हणत नाही. हेलिकॉप्टर रडारवर दिसत होतं. पण शेतावरून उडणाऱ्या हौशी माणसाने गर्दीत येताच ओरडून सांगायचं, आणि बलवानाने राजधानीवर गप्प राहायचं, हा हिशेब कुठल्या न्यायात बसतो?

टक्कर टाळायला 'कुठे' लागतं, 'कोण' लागत नाही. 'कोण' लागतं ते डोंगरात हरवलेलं विमान शोधताना, नियम मोडणाऱ्याला पकडताना. त्यासाठी खरी नोंद एफएएकडे असली की पुरे, गच्चीवरच्या प्रत्येक अँटेनाला ती कशाला? तात्पुरता पत्ता वापरायची सोय एफएएने केलीही आहे. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अटीही आहेत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, सेटिंग्जमध्ये खोल दडलेला पर्याय किती लोक शोधतात. माझ्या हातात असतं तर बदलता पत्ता आधीपासूनच चालू असता, आणि कायमचा पत्ता ज्याला हवा त्याने अर्ज केला असता.