घोडकाठची जमीन

सावकाश बसा. श्वास येतोय, जातोय. त्याला त्याच्या चालीने चालू द्या. आता मनाने शिरूर तालुक्यात चला, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, इनामगावला. आजचं गाव थोडं बाजूला ठेवा आणि जुन्या पांढरीच्या टेकाडावर उभे राहा.

इथे इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमारास माणसं राहायला आली आणि 700 च्या सुमारापर्यंत नांदली. नऊशे वर्षं. आकडा तसाच सोडून देऊ नका. तुमची आजी आठवा, मग तिची आजी, मग तिचीही. असं मागे मागे जात राहिलं तर पस्तीसेक पिढ्या होतात.

एका घरात शिरा. बुटक्या मातीच्या भिंती, वर लिंपलेला कूड, पायाखाली चोपून घट्ट केलेली जमीन. मधोमध खोलगट आगटी. शेजारी तांबडा, तोटीचा घडा, त्यावर काळ्या रंगाची नक्षी. धान्यात सातू जास्त, थोडा गहू, मसूर, कुळीथ. बाहेर पाट खणून नदीचं पाणी वळवलंय, कडेने बांध घातलाय. हे काम एकट्या घराचं नव्हे, साऱ्या गावाने मिळून केलेलं.

आता घरातल्या त्या चोपलेल्या जमिनीकडेच पाहा. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा घरांच्या जमिनींखाली लहान मुलं सापडली. मातीचे दोन मोठे घट आडवे ठेवून तोंडाला तोंड भिडवायचं, आत लेकरू, जवळ एखाददोन लहान भांडी. वर पुन्हा माती चोपायची. त्याच जमिनीवर रांधायचं, त्याच जमिनीवर निजायचं.

इथे थांबा. हवा तितका वेळ घ्या. ही माणसं आपल्याला परकी वाटावीत असं मला यात काहीच दिसत नाही. गेलेलं मूल घराबाहेर उघड्यावर ठेवायला मन धजलं नसेल. मोठ्या माणसांनाही बहुधा घरातच पुरत, पण घोट्याखालची पावलं तोडून. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो मला पटतो.

मग इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास दिवस पालटले. पाऊसमान खालावलं असावं, असं अभ्यासक सांगतात. गहू जवळपास दिसेनासा झाला, शिकारीवरचा भार वाढला. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. तरीही माणसं लगेच उठली नाहीत. आणखी तीनशे वर्षं त्यांनी त्याच काठावर काढली, आणि मुलं घराखालीच पुरत राहिली. तग धरण्याची ही तीनशे वर्षं मला भरभराटीच्या काळापेक्षा जास्त मोलाची वाटतात.

शेवटी तीही संपली. निघणाऱ्यांतली एखादी आई डोळ्यांपुढे आणा. बिऱ्हाड बैलावर लादता येतं, शेळ्या हाकता येतात, बियाणं कमरेला बांधता येतं. जमिनीखालचा घट मात्र नेता येत नाही. ती अजून दारातच आहे. तिला निघायला वेळ लागेल, तिच्यासोबत थांबा.